ह्यूम यांचा हरवलेला वटवट्या

बेळगावच्या टिळकवाडीत काँग्रेस विहीर आहे. डिसेंबर १९२४ मध्ये काँग्रेसचे एकोणचाळिसावे अधिवेशन येथे भरले, तेव्हा जमणाऱ्या जनसमुदायाच्या पाण्याची सोय म्हणून ती खोदण्यात आली. लोकमान्यांचे निष्ठावंत अनुयायी गंगाधरराव देशपांडे यांनी त्या अधिवेशनाचा भार वाहिला होता आणि महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले ते एकमेव अधिवेशन. चोर्ल्याच्या घाटाने बेळगावला जाणाऱ्या गोमंतकीयांना ही विहीर, वीरसौध आणि काँग्रेस रोड परिचयाचा आहे. त्याच टिळकवाडीत, व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत आणि जुन्या बंगल्यांच्या कुंपणांत, दर हिवाळ्यात हजारो मैलांवरून आलेले काही इवलेसे पक्षी मुक्कामाला असतात. त्यांच्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. या पक्ष्यांच्या नोंदी भारतभरातून शिस्तीने गोळा करणारा माणूस आणि काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा माणूस एकच होता. त्यांचे नाव अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम.

शालेय इतिहासात ह्यूम एका वाक्यात येतात आणि एका वाक्यात संपतात. निवृत्त इंग्रज अधिकारी, काँग्रेसचे संस्थापक, १८८५. त्यांच्या आयुष्याचा निम्म्याहून मोठा भाग या वाक्याच्या बाहेर राहतो. तो समजून घ्यायचा तर एका पक्ष्यापासून आरंभ करावा लागतो.

१३ नोव्हेंबर १८६७ रोजी ह्यूम हिमालयात, आजच्या हिमाचल प्रदेशातील रामपूरजवळ, सतलजच्या खोऱ्यात होते. तेथे त्यांनी एक पक्षी टिपला. वरून मातकट तपकिरी, खालून मळकट पांढरा, अंगावर ना ठिपका ना पट्टा. असे पक्षी त्यांनी शेकड्यांनी पाहिले होते. तरीही हा वेगळा वाटला, कारण त्याची चोच असायला हवी त्यापेक्षा लांब होती. त्यांनी त्याची मापे घेतली, पायाला चिठ्ठी बांधली आणि १८६९ मध्ये त्याला नवी जात म्हणून नाव दिले. आधी त्यांनी तो पानांत वावरणाऱ्या पर्ण वटवट्यांच्या कुळात घातला. दोन वर्षांनी स्वतःच दुरुस्ती करून बोरू वटवट्यांत नेला. पुढे त्यांना असा दुसरा पक्षी मिळालाच नाही. ते वारले तेव्हा जगात त्या जातीचा म्हणून ओळखलेला तो एकच नमुना होता.

ह्यूम यांचा जन्म जून १८२९ मधला, इंग्लंडातला. वडील जोसेफ ह्यूम ब्रिटिश पार्लमेंटमधील नावाजलेले सुधारणावादी सभासद. सरकारी खर्चाचा पैसा न् पैसा तपासून पाहणारा गृहस्थ अशी त्यांची ख्याती होती. मुलाने हेलिबरीच्या कॉलेजात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीचे शिक्षण घेतले, लंडनमध्ये काही काळ वैद्यक आणि शल्यविद्या शिकली आणि १८४९ मध्ये तो हिंदुस्थानात आला. नेमणूक झाली यमुनेकाठच्या इटावा जिल्ह्यात.

इटाव्यात त्यांनी केलेले काम कोणत्याही जिल्हाधिकाऱ्याला भूषणावह ठरावे असे आहे. जमीनदारांना हाताशी धरून त्यांनी गावोगाव मोफत प्राथमिक शाळा उघडल्या. १८५७ च्या आरंभी जिल्ह्यात अशा १८१ शाळा होत्या आणि ५,१८६ विद्यार्थी शिकत होते. त्यांत मुली अवघ्या दोन. ही दोनची संख्याही त्यांनी वगळली नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. दारूवरील करातून मिळणारे उत्पन्न हे पापाचे उत्पन्न आहे, असे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी वरिष्ठांना कळवलेही. बालगुन्हेगारांना तुरुंगाऐवजी सुधारगृहात ठेवावे, यासाठी त्यांनी प्रयत्न केले.

मग १८५७ चा उठाव झाला. इटाव्यातील शिपाई उठले. ह्यूम यांना जिल्हा सोडून आग्र्याच्या किल्ल्याचा आश्रय घ्यावा लागला. तेथे त्यांना पटकीने गाठले, पण ते वाचले. नंतर त्यांनी स्थानिक लोकांच्या साह्याने फौज उभी केली, लढाईत भाग घेतला आणि जिल्हा परत ताब्यात घेतला. या कामगिरीबद्दल १८६० मध्ये त्यांना सरकारी किताब मिळाला. शेजारच्या जिल्ह्यांत झाडाझाडाला माणसे टांगली जात असताना इटाव्यात फाशीच्या शिक्षा फारच थोड्या झाल्या आणि ह्यूम फार सौम्य वागतात, अशी कुजबुज गोऱ्या वर्तुळांत झाली. एवढा विश्वास असलेले लोक का उठले, हा प्रश्न मात्र त्यांच्या मनातून पुढे कधीच गेला नसावा. १८५९ मध्ये त्यांनी 'लोकमित्र' नावाचे देशी भाषेतले पत्र चालू करण्यास हातभार लावला.

१८६७ मध्ये त्यांची बदली जकात खात्याच्या आयुक्तपदी झाली. हे काम चमत्कारिक होते. मिठावरचा कर चुकवून कोणी मीठ आणू नये म्हणून ब्रिटिशांनी उत्तर हिंदुस्थान आडवा छेदणारी, दोन हजार मैलांहून लांब अशी जकातरेषा आखली होती आणि तिच्या मोठ्या भागावर बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग यांचे जिवंत कुंपण वाढवले होते. हे कुंपण ह्यूम यांच्या हाती आले. त्यांनी ते मन लावून वाढवले. कोठे कोणती माती, कोठे कोणते झुडूप धरते, याच्या नोंदी ठेवल्या. पुढे राजपुतान्यातील सांभर सरोवराचे मीठ करारांनी सरकारच्या हाती आले, त्या वाटाघाटींतही ह्यूम यांचा वाटा होता, आणि त्यामुळे अखेर १८७९ मध्ये ते कुंपण निरुपयोगी ठरून सोडून देण्यात आले. काँग्रेसचे भावी जनक तीन वर्षे मिठाच्या कुंपणाची मशागत करत होते आणि १९३० मध्ये त्याच काँग्रेसने मिठावरूनच सरकारला आव्हान दिले. इतिहासाने ही जुळणी मुद्दाम केली असावी, अशी शंका येते.

ह्या साऱ्या काळात पक्षी चालूच होते. १८५७ च्या धामधुमीत त्यांचा पहिला संग्रह नष्ट झाला होता. त्यांनी नव्याने आरंभ केला. १८७१ मध्ये लॉर्ड मेयो यांनी महसूल, शेती आणि व्यापार असे नवे खाते काढून ह्यूम यांना त्याचे सचिव केले. सिमल्याच्या जाखू टेकडीवरील त्यांचे रॉथनी कॅसल हे घर पाहता पाहता पक्ष्यांचे संग्रहालय झाले. सिंध, अंदमान-निकोबार, लक्षद्वीप, मणिपूर अशा सफरी त्यांनी काढल्या. मणिपुरात १८८१ मध्ये त्यांना एक देखणा रानकोंबडा मिळाला, त्याला त्यांनी पत्नीचे नाव दिले.

परंतु एकटा माणूस किती हिंडणार? ह्यूम यांचे खरे कर्तृत्व दुसरीकडे होते. देशभर विखुरलेले लष्करी अधिकारी, जिल्हाधिकारी, रेल्वेचे इंजिनियर, वनखात्यातील माणसे यांना त्यांनी पत्रांनी बांधले. तुमच्या गावात काय दिसते ते लिहा, कोणत्या तारखेला आले ते लिहा, घरटे कोठे होते ते लिहा. या माहितीसाठी १८७२ च्या अखेरीस त्यांनी 'स्ट्रे फेदर्स', म्हणजे विखुरलेली पिसे, या नावाचे नियतकालिक काढले आणि स्वतःच्या खर्चाने चालवले. आपल्या भागाशी त्याचा जवळचा संबंध आहे. रत्नागिरीचे अधिकारी व्हिडाल यांनी दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली यादी याच नियतकालिकात दिली. १८८० च्या सुमारास बेळगावच्या छावणीत असलेले कॅप्टन बटलर यांनी दख्खन आणि दक्षिण मराठा मुलखातील पक्ष्यांची मोठी यादी १८८१ मध्ये यातच छापली. बेळगावच्या पक्ष्यांचा जुना लेखी इतिहास पाहायचा, तर या यादीपाशी थांबावेच लागते.

या याद्यांतला सर्वांत अवघड भाग म्हणजे वटवटे. ज्यांनी हे पक्षी दुर्बिणीतून पाहिले आहेत त्यांना हे सांगायला नको. इतरांसाठी थोडे विस्ताराने.

मराठीत वटवट्या हे नाव पुष्कळ लहान कीटकभक्षी पक्ष्यांना मिळून दिले जाते. त्यांतले काही बारमाही आपल्याकडेच राहतात. हिवाळी पाहुण्यांचे मुख्य दोन गट. पहिला पर्ण वटवट्यांचा: बोटाएवढे, हिरवट, आंबा-वडाच्या उंच पानोळ्यात सारखे थरथरत फिरणारे. यांच्या डोळ्यावर फिकट भुवई असते, काहींच्या पंखांवर एखादी पुसट रेघ. टिळकवाडीतल्या आणि गोव्यातल्याही बागांत सकाळी वरून एक तीक्ष्ण, दोन तुकड्यांची शीळ येते, पक्षी मात्र दिसत नाही. तो बहुधा हिरवट पर्ण वटवट्या. दुसरा गट बोरू वटवट्यांचा: तपकिरी, चिमणीच्या अंगलटीचे पण सडपातळ, टोकदार चोचीचे. त्यांतला आपल्याकडे सर्वाधिक आढळणारा म्हणजे ब्लाइथचा बोरू वटवट्या. नावात बोरू असला तरी आपल्याकडे तो पाणवठ्यापेक्षा मेंदीच्या कुंपणात, घाणेरीच्या जाळीत, परसातल्या झुडपांत अधिक राहतो. वजन दहा-बारा ग्रॅम. बाल्टिक समुद्रापासून सैबेरियापर्यंतच्या प्रदेशात त्याची वीण होते. ऑगस्टअखेर-सप्टेंबरात तो आपल्याकडे उतरू लागतो आणि एप्रिल-मेपर्यंत परततो. सारा हिवाळा झुडपाच्या गाभ्यातून गारगोटीवर गारगोटी आपटावी तसा चक्, चक् एवढाच आवाज करतो. जाण्यापूर्वी, उन्हाळ्याच्या तोंडी, हळू आवाजात गाणे गुणगुणू लागतो. करमळीच्या तळ्यासारख्या पाणथळ जागी त्याचा मोठा, दणदणीत आवाजाचा भाऊबंद भेटतो, तो आकारामुळे वेगळा ओळखू येतो.

अडचण अशी, की ब्लाइथच्या वटवट्याशी मिळतेजुळते आणखी अनेक आहेत आणि कोणाच्याही अंगावर ओळखीची खूण नाही. उन्हाने पिसे विटली की रंगावर भरवसा ठेवता येत नाही. सावलीत हिरवट दिसणारा पक्षी उन्हात तांबूस दिसतो. अशा वेळी जाणकार पक्षी हातात आल्यावर पंख उलगडतात. उड्डाणपिसांपैकी कितवे सर्वांत लांब, कितव्या पिसाच्या बाहेरच्या कडेला खाच आहे, पहिले लहान पीस किती पुढे येते, हे मिलिमीटरमध्ये मोजतात. चोचीची लांबी आणि रुंदी, मागच्या बोटाची नखी, शेपटीच्या पिसांची उतरण मोजतात. लांब प्रवास करणाऱ्यांचे पंख सामान्यतः टोकदार, थोडे अंतर जाणाऱ्यांचे गोलसर. ह्यूम यांच्या काळी ध्वनिमुद्रण नव्हते, डीएनए हा शब्द नव्हता, उडता पक्षी जाळीत धरून कडी घालून सोडण्याची पद्धत नव्हती. होती ती बंदूक, मोजपट्टी आणि चिठ्ठी.

या चिठ्ठीवर ह्यूम यांचा कटाक्ष होता. पक्षी कोठे मिळाला, कोणत्या दिवशी, नर की मादी, डोळ्याचा आणि पायाचा रंग पक्षी ताजा असताना काय होता. वाळलेल्या कातड्यात हे रंग उरत नाहीत. पक्षी अनोळखी असला तरी चालेल, चिठ्ठी खरी हवी.

चिठ्ठी खोटी असली तर काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. ह्यूम यांनी १८७३ मध्ये नाव दिलेले रानपिंगळा हे लहान घुबड शंभरावर वर्षे कोणालाही दिसले नव्हते. विसाव्या शतकात मीनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ते १९१४ मध्ये गुजरातेत मिळाल्याचे म्हटले होते. प्रत्यक्षात त्याने संग्रहालयातला जुना नमुना चोरून, नव्याने भरून, त्याला बनावट चिठ्ठी लावली होती. पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघड केली, गुजरातचा पत्ता सोडून जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांचा माग काढला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या सोबत्यांसह शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा जिवंत गाठला.

ह्यूम यांच्या सरकारी कारकिर्दीचा शेवट मात्र कडू झाला. शेती खाते हे शेतकऱ्याच्या कामाचे असावे, आदर्श शेते असावीत, सावकारी पाशातून कुळांना सोडवावे, असा त्यांचा आग्रह होता आणि वरिष्ठांना तो नकोसा होता. १८७९ मध्ये त्यांना सचिवपदावरून काढून खालच्या जागी पाठवले गेले. त्याच वर्षी त्यांनी हिंदुस्थानातील शेतीसुधारणेवर पुस्तिका प्रसिद्ध केली. १८८२ मध्ये ते निवृत्त झाले. आता भारतीय पक्ष्यांवरचा आपला महाग्रंथ पुरा करायचा, असा त्यांचा बेत होता. पाव शतकाची टिपणे, पत्रे, मापे, मसुदे यांचे ढीग रॉथनी कॅसलमध्ये होते.

१८८० च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या एका हिवाळ्यात ते मैदानी प्रदेशात गेले असताना घरच्या एका नोकराने ते सारे कागद काढून सिमल्याच्या बाजारात रद्दी म्हणून विकले. मणांनी कागद होता. तो पुड्या बांधण्यात संपला. पावसाने दरड कोसळून संग्रहालयाचेही नुकसान झाले. ज्या माणसाने आयुष्यभर इतरांना लिहून ठेवायला सांगितले, त्याचेच लिहिलेले गेले. ह्यूम यांनी पुन्हा तो ग्रंथ लिहायला घेतला नाही. त्यांनी ब्रिटिश संग्रहालयाला आपला संग्रह देऊ केला. १८८५ मध्ये तेथून बाउडलर शार्प सिमल्यास आले आणि सुमारे ६३,००० पक्षी व १९,००० अंडी देवदाराच्या प्रचंड पेट्यांत भरून इंग्लंडला रवाना झाली. सतलजकाठचा तो लांब चोचीचा वटवट्याही या संग्रहाबरोबर गेला. नोकराने कागद विकले, पण चिठ्ठ्या पक्ष्यांच्या पायांना बांधलेल्या होत्या, म्हणून त्या वाचल्या.

संग्रह ज्या वर्षी बांधला गेला त्याच वर्षाच्या अखेरीस काँग्रेस जन्मली. १ मार्च १८८३ रोजी ह्यूम यांनी कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीधरांना पत्र लिहून देशासाठी झटणारे मोजके निःस्वार्थ लोक पुढे येण्याचे आवाहन केले होते. पुढची दोन वर्षे मुंबई, पुणे, मद्रास, कलकत्ता येथील नेत्यांशी गाठीभेटी आणि पत्रव्यवहार यांत गेली. पहिली बैठक पुण्यात, सार्वजनिक सभेच्या पुढाकाराने व्हायची होती. तेथे पटकीची साथ आली, म्हणून ती २८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरली. ७२ प्रतिनिधी होते. अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी, सरचिटणीस ह्यूम. पुढची वीसहून अधिक वर्षे सरचिटणीसपदावर त्यांचे नाव राहिले.

ही संघटना त्यांनी कशी बांधली ते पाहिले, की 'स्ट्रे फेदर्स'ची आठवण होते. प्रत्येक गावात एखादा माणूस हवा, त्याने आपल्या भागाची खबर नियमाने द्यावी, ती एका ठिकाणी जमावी, छापावी, सर्वांना परत मिळावी. पक्ष्यांसाठी वापरलेले हे यंत्र त्यांनी माणसांसाठी वापरले, असे मला वाटते. १८८७-८८ मध्ये त्यांनी काँग्रेसची पत्रके अनेक देशी भाषांत काढून खेड्यांपर्यंत पोचवली तेव्हा सरकार बिथरले आणि वायव्य प्रांताच्या गव्हर्नरांशी त्यांचा जाहीर वाद झाला.

यातच त्यांच्या चरित्रातली मोठी विसंगती दडलेली आहे. ह्यूम यांचे सहकारी वेडरबर्न यांनी १९१३ मध्ये त्यांचे चरित्र लिहिले. त्यात असे आले, की निवृत्तीपूर्वी ह्यूम यांना देशभरातल्या असंतोषाचे सात खंड भरतील इतके गुप्त अहवाल पाहायला मिळाले होते. खबर देणारे तीस हजारांवर होते आणि लवकरच मोठा उद्रेक होणार असे त्यांना वाटले. यावरून लाला लजपतराय यांनी १९१६ मध्ये मांडले, की काँग्रेस ही साम्राज्याची वाफ बाहेर सोडणारी झडप होती. हा आरोप पुढे डाव्यांनी आणि उजव्यांनीही उचलला. बिपन चंद्र यांनी मात्र ते सात खंड कोणत्याही सरकारी दप्तरात नाहीत याकडे लक्ष वेधले. ह्यूम त्या काळात थिऑसॉफीच्या प्रभावाखाली होते, आणि ते अहवाल हिमालयातील अदृश्य महात्म्यांच्या शिष्यांकडून आले, अशी त्यांची समजूत होती. म्हणजे पक्ष्याच्या बाबतीत चिठ्ठीवाचून एक पाऊल न टाकणारा हा माणूस माणसांच्या बाबतीत सात खंड चिठ्ठीवाचून खरे मानून बसला. त्यामुळे काँग्रेस खोटी ठरत नाही. त्या ७२ जणांना एकत्र यायचे होतेच आणि इंग्रज सरचिटणीस असल्यामुळे सरकारची पहिली नजर थोडी सौम्य पडेल, हे त्यांनी ओळखले होते. पण ह्यूम यांच्या स्वभावाचा हा भाग झाकून त्यांचे चित्र पुरे होत नाही.

थिऑसॉफीचा आणखी एक परिणाम झाला. हजारो पक्षी टिपणारे ह्यूम शाकाहारी झाले आणि त्यांनी पक्षी मारणे सोडले. १८९४ मध्ये त्यांनी हिंदुस्थान कायमचा सोडला. लंडनच्या दक्षिण उपनगरात राहून ते वनस्पती गोळा करू लागले, तीही रस्त्याकडेची, रेल्वेरुळांजवळची, परदेशातून धान्याबरोबर आलेली. त्यांच्यासाठीही कागद, तारीख, ठिकाण आणि नाव हीच शिस्त. १९१० मध्ये त्यांनी स्वतःच्या पैशाने दक्षिण लंडन वनस्पती संस्था काढली. ती अजून चालू आहे. ३१ जुलै १९१२ रोजी, ८३ व्या वर्षी, ते वारले. बातमी आली तेव्हा इटाव्याचा बाजार बंद राहिला.

त्यांच्या वटवट्याचे दैव मात्र लांबले. त्याला दिलेले नाव आधीच दुसऱ्या एका पक्ष्याला दिले गेले होते, म्हणून १९०५ मध्ये अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ ओबरहोल्सर यांनी त्याला नवे नाव दिले, ओरिनस, म्हणजे डोंगरातला. पण एका नमुन्यावर जात कशी मानायची? हा दणदणीत आवाजाच्या मोठ्या बोरू वटवट्याचाच एखादा विचित्र नग असावा, असे पुष्कळांनी ठरवले. सतलजच्या खोऱ्यात शोधूनही काही हाती लागले नाही.

२००२ मध्ये स्टाफन बेन्श आणि डेव्हिड पीअरसन यांनी त्या जुन्या कातड्यातल्या पिसाचा डीएनए तपासला. तो कोणाशीच जुळला नाही. ह्यूम यांचे बरोबर होते; जात वेगळी होती. पंख गोलसर असल्यामुळे हा पक्षी फार दूरचा प्रवासी नसावा, असा अंदाज त्यांनी केला. चार वर्षांनी, २७ मार्च २००६ रोजी, थायलंडमध्ये बँकॉकजवळच्या एका सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात फिलिप राउंड जाळ्यात आलेल्या पक्ष्यांना कड्या घालत होते. एका बोरू वटवट्याची चोच त्यांना लांब वाटली. त्यांनी मापे घेतली, छायाचित्रे काढली, दोन पिसे बेन्श यांच्याकडे पाठवली. डीएनए ह्यूम यांच्या पक्ष्याशी जुळला. मधली १३९ वर्षे हा पक्षी जिवंत होता आणि कोणीही तो ओळखला नव्हता.

मग प्रश्न उलटा विचारला गेला: इतकी वर्षे तो खरोखर दिसला नव्हता, की दिसूनही दुसऱ्याच नावाने नोंदला गेला होता? इंग्लंडमधील ट्रिंगच्या संग्रहालयात ब्लाइथच्या बोरू वटवट्यांचे खण उघडले गेले. त्यांत १८६९ मध्ये मसुरीजवळ मिळालेला आणखी एक सापडला. नंतर निरनिराळ्या संग्रहालयांतून असे दहा निघाले, सगळे ब्लाइथच्या नावाखाली पडून. त्यांच्या चिठ्ठ्यांवरच्या तारखा आणि ठिकाणे जोडत गेल्यावर हा पक्षी उन्हाळ्यात अफगाणिस्तान आणि त्याच्या उत्तरेच्या भागात असावा, असे दिसू लागले. २००८ मध्ये रॉबर्ट टिमिन्स यांनी अफगाणिस्तानच्या ईशान्य टोकाला, वखानच्या पट्ट्यात, नदीकाठच्या झुडपांत एक अनोळखी गाणे ध्वनिमुद्रित केले. पुढच्या वर्षी तेथे जाळी लावून सुमारे वीस पक्षी धरले, मापले आणि सोडले. वीण तेथेच होत होती. नंतर पंज नदीच्या पलीकडे ताजिकिस्तानातही ती आढळली.

वखानहून निघालेला हा पक्षी हिवाळ्यासाठी भारताच्या दिशेने उतरतो, तेव्हा तो ब्लाइथच्या वटवट्यांच्या गर्दीत मिसळतो. चोच किंचित लांब, नखी किंचित मोठी, पंख किंचित गोल. झुडपाच्या गाभ्यात चक् असा आवाज करणारा पक्षी या दोहोंपैकी कोणता, हे दुर्बिणीतून बहुतेकदा कळत नाही. हातात घेऊन पिसे मोजावी लागतात.